वसुली शंभर टक्के

सल्ला केंद्रात बसणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांना अलीकडे एक गोष्ट सारखी जाणवते. तक्रार नवऱ्याची असो, सासरची असो की घरमालकाची, बोलता बोलता बाई शेवटी हप्त्यावर येते. मंगळवारचा हप्ता, शुक्रवारचा हप्ता, असे वारच हप्त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले आहेत. नवऱ्याने मारले, कारण तिने हप्त्यासाठी त्याच्या खिशातले पैसे काढले. मुलगी शाळेतून काढली, कारण आईला दोन घरची जास्तीची कामे धरावी लागली. अशा वेळी आपण सवयीने मारहाणीची नोंद करतो आणि कर्जाची गोष्ट 'आर्थिक अडचण' या एका शब्दात गुंडाळून टाकतो.

मागच्या पावसाळ्यात मात्र तसे गुंडाळता येणार नाही असा प्रसंग आमच्यासमोर आला. वस्तीतली एक बाई हप्त्याला आली नाही. मुलाला डेंग्यू झाला होता, ती दवाखान्यात होती. संध्याकाळी कंपनीचा वसुलीवाला तिच्या गटातल्या चार बायांना घेऊन तिच्या दारात आला. रात्री साडेआठपर्यंत त्या उंबऱ्यावर बसून होत्या. त्यांतली एक आपल्या संघटनेची जुनी कार्यकर्ती. दारूबंदीच्या मोर्चात पुढे असलेली, पोलीस चौकीत फौजदाराला उलट बोललेली. तिला आम्ही विचारले तेव्हा ती रागावली. म्हणाली, "मग काय करू? सर उठतच नव्हते. तिचे आठशे मी भरले असते तर माझे कुठून भरू?"

या उत्तरावर आमच्या बैठकीत बराच वाद झाला. काहीजणींचे म्हणणे, तिने असे करायला नको होते. काहीजणींचे म्हणणे, त्या वसुलीवाल्याविरुद्ध तक्रार करावी. तक्रार करायला हवी यात शंकाच नाही. पण तो मुलगा कोण, हेही आम्ही पाहिले. तालुक्याच्या गावचा, बारावी झालेला, तेविसेक वर्षांचा. शेकडो बायांची वसुली एकट्याच्या अंगावर. पगारातला काही भाग वसुलीच्या आकड्याला बांधलेला. हप्ता राहिला तर शाखेचा साहेब रात्री त्याला परत जाऊ देत नाही. त्याला काढून टाकले तर दुसऱ्या आठवड्यात तसाच दुसरा मुलगा तीच मोटारसायकल घेऊन येईल. मग प्रश्न असा उरतो की कंपनी अशी का वागते? एखादा धंदा बाईशी कसा वागणार हे कोण ठरवतो?

बायकांच्या मासिकात धंद्याच्या नफातोट्याची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा धंदा जवळजवळ सर्वस्वी बायांवर उभा आहे. कर्जदार बाया, जामीन बाया, सभा बाईच्या ओसरीवर. तारण काही नाही. तारण म्हणजे बाईची शेजारपाजारातली अब्रू. या धंद्याचा ताळेबंद आपल्याच आयुष्याचा ताळेबंद आहे, तेव्हा तो वाचायला शिकलेच पाहिजे.

थोडे मागे जाऊ. गरीब बाई कर्ज फेडते, हे कंपन्यांच्या कितीतरी आधी बायांनीच सिद्ध केले होते. अहमदाबादला १९७४ साली 'सेवा'च्या चार हजार बायांनी दहा-दहा रुपये भाग घालून स्वतःची बँक काढली. त्यात भाजी विकणाऱ्या होत्या, कागद वेचणाऱ्या होत्या, हातगाडी ओढणाऱ्या होत्या. मुंबईच्या गिरणगावात १९७५ साली प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्यांची अन्नपूर्णा उभी केली. किराणा दुकानदाराच्या आणि सावकाराच्या कर्जात बुडालेल्या या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज दिले आणि त्यांनी ते फेडले. नाबार्डने १९९२ साली पाचशे गटांपासून बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. नंतर महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि गावोगावच्या संस्थांनी महाराष्ट्रभर गट बांधले. त्यांत आपल्यापैकी कितीतरी जणी होत्या. आठवड्याला सभा, वही, हजेरी, थोडीशी बचत, एकमेकींची हमी, हे सगळे आपण गावोगाव हिंडून शिकवले. हेतू असा होता की बाया एकत्र बसतील, पैशाच्या निमित्ताने दुसरेही बोलतील. तसे झालेही, कितीतरी ठिकाणी झाले.

हीच शिस्त पुढे धंद्याचे भांडवल बनली. १९९७ साली वॉशिंग्टनला सूक्ष्म कर्जाची जागतिक परिषद भरली आणि २००५ पर्यंत जगातल्या दहा कोटी गरीब कुटुंबांपर्यंत, त्यातही बायांपर्यंत, कर्ज पोचवायचे असा संकल्प झाला. एवढी कर्जे देणग्यांच्या पैशातून होणार नाहीत, त्यासाठी बाजारातून भांडवल आणले पाहिजे, असे म्हणणे जोर धरू लागले. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २००० साली बँकांनी मध्यस्थांमार्फत दिलेली सूक्ष्म कर्जेही प्राधान्य क्षेत्रात धरायला परवानगी दिली. बँकांना आपल्या कर्जाचा चाळीस टक्के भाग प्राधान्य क्षेत्राला द्यावा लागतो, त्यातला काही दुर्बल घटकांना. खेड्यात शाखा चालवून, एकेका बाईचे खाते उघडून हे उद्दिष्ट गाठणे बँकेला खर्चाचे आणि कटकटीचे वाटते. त्यापेक्षा एका कंपनीला शंभर कोटी दिले की कागदावर दुर्बल घटक पूर्ण. कंपनी तेच पैसे स्वतःचा खर्च आणि नफा चढवून बाईपर्यंत नेते. बाईला बँक नाही म्हणते आणि बँकेचाच पैसा महाग होऊन तिच्या दारात येतो. हा चांगल्या हेतूने केलेल्या नियमाचा परिणाम आहे. धंद्याच्या वागण्यामागे असे नियम किती असतात, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

या सगळ्याचे टोक आंध्र प्रदेशात गाठले गेले. ती हकिकत थोडी सविस्तर सांगते, कारण ती प्रत्येक गटात माहीत असायला हवी.

आंध्रात सरकारनेच लाखो बायांचे बचत गट उभे केले होते. कंपन्यांना गट बांधण्याचे कष्ट करावे लागले नाहीत. तयार गटांपुढे त्यांनी कर्जाची थैली सोडली. २००६ मध्येच कृष्णा जिल्ह्यात जबरदस्तीच्या वसुलीच्या तक्रारींवरून जिल्हाधिकाऱ्यांनी कंपन्यांच्या पन्नासएक शाखांना टाळे ठोकले होते. चर्चा झाली, आचारसंहिता लिहिल्या गेल्या आणि काही महिन्यांत सारे पूर्ववत झाले. सगळ्यांत मोठी कंपनी होती एसकेएस. नव्वदीच्या अखेरीस स्वयंसेवी संस्था म्हणून सुरू झालेली, २००५ मध्ये तिची वित्त कंपनी झाली. संस्थेला मिळालेल्या देणग्यांतून कर्जदार बायांच्या नावे न्यास काढण्यात आले आणि त्या न्यासांनी कंपनीचे भाग घेतले. म्हणजे कागदोपत्री बाया मालक. पुढे मोठे गुंतवणूकदार येत गेले, बायांच्या नावाचा हिस्सा आकसत गेला आणि त्या न्यासांचे निर्णय बायांनी कधी घेतलेच नाहीत. हे सारे अर्थशास्त्रज्ञ एम. एस. श्रीराम यांनी २०१० मध्येच तपशिलाने मांडले होते.

त्याच वर्षी, जुलैच्या शेवटी, या कंपनीने आपले शेअर बाजारात विक्रीला काढले. दहा रुपयांचा शेअर ९८५ रुपयांना. मागणी पुरवठ्याच्या तेरापटीहून अधिक आली. सोळाशे कोटींहून अधिक रुपये उभे राहिले आणि जुन्या भागधारकांनीही आपला काही हिस्सा विकून घेतला. आधीच्या आर्थिक वर्षात कंपनीचा नफा १७४ कोटी होता. आता विचार करा, ९८५ रुपयांना शेअर घेणारा माणूस काय अपेक्षा ठेवून घेतो? या वर्षी जेवढी कर्जे वाटली त्याच्या कितीतरी पट पुढच्या वर्षी वाटली जातील, आणि वसुली मात्र शंभर टक्के राहील, अशी. हे ओझे मुंबईतून हैदराबादला येते, तिथून जिल्ह्याच्या शाखेत आणि शाखेतून त्या मोटारसायकलवरच्या मुलाकडे. त्याने नवी गावे शोधायची नाहीत, त्यात वेळ जातो. ज्या बाईने दुसऱ्या कंपनीचे हप्ते नीट भरले आहेत तिलाच गाठायचे. एका बाईकडे तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जे झाली ती अशी. पहिले फेडायला दुसरे, दुसरे फेडायला तिसरे. तोवर प्रत्येक कंपनीच्या वहीत वसुली नव्व्याण्णव टक्के दिसत होती! आकडा खोटा नव्हता. तो आकडा बाईची अवस्था मात्र दाखवत नव्हता.

त्या पावसाळ्यात कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र सरकारने अध्यादेश काढला. कंपन्यांनी जिल्ह्यात नोंदणी करावी, हप्ता आठवड्याऐवजी महिन्याचा असावा, वसुली बाईच्या दारात न करता ग्रामपंचायतीसारख्या सार्वजनिक ठिकाणी करावी, व्याज मुदलापेक्षा जास्त होऊ नये. वसुली कोसळली. शंभरातले दहा रुपयेही परत येईनात. एसकेएसला २०११-१२ या वर्षात सुमारे १३६० कोटींचा तोटा झाला आणि ९८५ चा शेअर शंभराच्या खाली आला. पुढे कंपनीने नाव बदलले आणि २०१९ मध्ये ती एका खासगी बँकेत विलीन झाली.

इथे आपल्या बाजूच्या काहीजणींना समाधान वाटले होते, मलाही वाटले होते. पण आंध्रातल्या बायांचे काय झाले? कंपन्या गेल्या, पण त्यांची गरज गेली नव्हती. सावकार होताच. पैसा दारात आणणारे दुसरे कोणी नव्हते, आणि तो आपले दर स्वतःच ठरवत होता. कंपनी बुडाली म्हणून बाई तरली असे होत नाही.

रिझर्व्ह बँकेने वाय. एच. मालेगाम यांची समिती नेमली. जानेवारी २०११ मध्ये तिचा अहवाल आला. व्याज २४ टक्क्यांच्या वर नको, एका बाईला दोनहून अधिक कंपन्यांनी कर्ज देऊ नये, कंपनीचा वरचा नफा किती असावा यालाही मर्यादा. रिझर्व्ह बँकेने आधी २६ टक्क्यांची मर्यादा घातली, मग सूत्रे बदलत गेली. या काळात एक गंमत झाली (गंमत म्हणायचे ती धंद्याच्या दृष्टीने): मर्यादा हीच किंमत बनली. ज्यांना कमी दराने देणे परवडत होते त्यांनीही वरच्या दराला हात टेकवला. शेवटी १ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने दरावरची मर्यादाच काढून टाकली. कंपन्यांनी दर स्वतः ठरवावेत, पण ते अवाजवी नसावेत. अवाजवी म्हणजे किती, ते सांगितलेले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच कारणासाठी चार वित्त कंपन्यांना नवी कर्जे वाटायला मनाई झाली, त्यांतल्या दोन सूक्ष्म कर्जे देणाऱ्या होत्या. काही महिन्यांत ती मनाई उठलीही.

दर म्हणजे काय, हे गटात सोप्या उदाहरणाने सांगता येते. आम्ही सांगून पाहिले आहे. दहा हजारांचे कर्ज, पन्नास आठवडे, हप्ता सव्वादोनशे. एकूण भरायचे ११,२५०. बाईला सांगतात, 'वर्षाला साडेबारा टक्के.' बाई हिशेब करते, दहा हजारांवर साडेबाराशे, बरोबर आहे. पण दहा हजार तिच्याकडे वर्षभर असतात कुठे? पहिल्याच आठवड्यापासून ती परत करते आहे. पंचविसाव्या हप्त्यानंतर तिच्याकडे निम्मेच उरले, व्याज मात्र पुऱ्या दहा हजारांचे. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर साडेचोवीस टक्के पडतो. त्यात सुरुवातीलाच प्रक्रिया शुल्क शंभर आणि विमा दीडशे कापून ९,७५० हातात दिले तर दर तीस टक्क्यांवर जातो. आमच्या गटातल्या एका बाईने हे ऐकून विचारले, "मग बँकेचे साहेब साडेबारा कसे म्हणतात?" ते बँकेचे साहेब नव्हतेच, पण गणवेश, गळ्यातले ओळखपत्र आणि यंत्रावर घेतलेला अंगठा पाहून तिला ती बँकच वाटत होती.

आता कोणी म्हणेल, बाया स्वतःहून घेतात, सही करतात, कोणी बळजबरी करीत नाही. खरे आहे. बचत गटाला तीन लाखांपर्यंतचे कर्ज सात टक्क्यांनी देण्याची सरकारी योजना असताना बाई पंचवीस टक्क्यांकडे का जाते, हे तिला विचारले पाहिजे. आम्ही विचारले. बँकेत गटाचा ठराव हवा, सगळ्यांच्या सह्या हव्यात, मॅनेजर बदलला की पुन्हा पहिल्यापासून. कर्ज मंजूर व्हायला दोन महिने, कधी चार. आणि डेंग्यू चार महिने थांबत नाही. शाळेची फी थांबत नाही. कंपनी आठ दिवसांत पैसे आणून देते, घरी येते, 'ताई' म्हणते. बँकेत तिला कोणी बसायला खुर्ची देत नाही. बाई व्याजाबरोबर या वागणुकीचीही किंमत मोजते, आणि ती तिला परवडते असे तिला वाटते. सरकारी बँकेच्या शाखेत बाईला कसे वागवले जाते हा प्रश्न आपण कधीतरी धसास लावायला हवा होता.

शिवाय सही कोणाची असते, हेही पाहू. कर्ज बाईच्या नावावर निघते, पैसे बऱ्याचदा रिक्षात, नवऱ्याच्या पान टपरीत किंवा दिराच्या लग्नात जातात. कंपनीला याची चिंता नाही. तिला बाईच कर्जदार हवी, कारण बाई पळून जात नाही, दारू पिऊन वसुलीवाल्यावर हात उगारत नाही, आणि लाजेने का होईना भरते. स्त्रीची लाज, तिची घराला बांधलेली अवस्था, मुलांसाठी सोसण्याची सवय, ज्या गोष्टींविरुद्ध आपण इतकी वर्षे बोलत आलो, त्याच या धंद्यात 'उत्तम परतफेड' म्हणून मोजल्या जातात. ताळेबंदात त्यांना वेगळा रकाना नसतो, एवढेच.

मग हप्ते भरू नका म्हणायचे का? असे सांगणारे भेटतात. नोटाबंदीनंतर, २०१६-१७ च्या त्या महिन्यांत, विदर्भातल्या काही जिल्ह्यांत स्थानिक पुढाऱ्यांनी बायांना सांगितले, कर्ज माफ होणार आहे, भरू नका. मजुरी रोखीत मिळत नव्हती, भरायला पैसे नव्हतेच, बायांनी विश्वास ठेवला. माफी काही झाली नाही. पुढाऱ्यांच्या निवडणुका झाल्या. बायांची नावे मात्र थकबाकीदार म्हणून पतसंस्थांच्या, बँकांच्या, कंपन्यांच्या सामायिक नोंदीत चढली, आणि नंतर खरेच बी-बियाण्याला किंवा शिलाई मशीनला कर्ज हवे तेव्हा संगणकाने नाही म्हटले. बाईच्या नावाची किंमत लावून कोणी सभा गाजवत असेल, तर तो वसुलीवाल्याहून फार वेगळा नाही, असे मला वाटते. या मतावर आमच्या संपादक मंडळात एकमत नाही, हे नोंदवून ठेवते.

दुसरा मार्ग मालकीचा. सातारा जिल्ह्यात म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत पाठवला, प्रवर्तक बायांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून. बाया साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा गेल्या, व्याजाचा तोंडी हिशेब आमच्याशी लावून बघा म्हणाल्या. दुष्काळी माण तालुक्यातली ही बँक काही फुकट कर्ज देत नाही, तिलाही खर्च भागवावा लागतो, थकबाकीची चिंता असते. पण जिचे कर्ज तीच सभासद असली की एक फरक पडतो. पाऊस लांबला तर हप्ता पुढे ढकलायचा का, हे ठरवणाऱ्या टेबलापाशी माणदेशातली बाई बसलेली असते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत पाऊस लांबल्याची बातमी फक्त तिमाही निकालातून पोचते.

अर्थात मालकी कागदावर असून भागत नाही. आंध्रातल्या न्यासांची गोष्ट वर सांगितलीच. सहकाराच्या आपल्या महाराष्ट्रात तर वेगळे सांगायला नको. पतपेढी सभासदांची, आणि खुर्चीत पिढ्यान् पिढ्या एकच घराणे. किती बायांच्या ठेवी अशा पेढ्यांत बुडाल्या हे आपल्या सल्ला केंद्रांच्या वह्या सांगतील. म्हणून सहकारी म्हटले की चांगले आणि कंपनी म्हटली की वाईट, असा सरळ हिशेब मांडायला मी तयार नाही. कर्जदार बाईला हिशेब मागता येतो का, आणि मागितला तर उत्तर देणे कोणाला भाग आहे का, एवढे दोन प्रश्न मी दोन्हीकडे विचारते.

२०२४-२५ मध्ये देशभर पुन्हा थकबाकी वाढली. कर्जे कमी झाली, कंपन्यांचे नफे घसरले, काही तोट्यात गेल्या. कर्नाटकात आत्महत्यांच्या बातम्यांनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश निघाला, दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा. कंपन्यांच्या संघटनेने स्वतःवर बंधने घातली: एप्रिल २०२५ पासून एका बाईला तीनहून अधिक ठिकाणांहून कर्ज नको, एकूण दोन लाखांच्या वर नको. पंधरा वर्षांपूर्वीच्या आंध्राची आठवण व्हावी असेच हे सारे आहे. फरक एवढाच की आता राज्यांचे हात अधिक बांधलेले आहेत. राज्यांचे सावकारी कायदे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. म्हणजे तहसीलदाराकडे किंवा सहकार निबंधकाकडे अर्ज घेऊन जाणाऱ्या बाईला तिथून परत पाठवले जाईल. अर्ज करायचा तो आधी कंपनीकडे, लेखी, पोच घेऊन. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

आणि त्या अर्जात लिहिण्यासारखे बरेच आहे. २०२२ च्या त्याच नियमांत दराची मर्यादा गेली, पण काही गोष्टी आल्या आहेत आणि त्या बायांना कोणी सांगत नाही. तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. हे उत्पन्न बाईला विचारून लिहायचे असते, टेबलावर बसून अंदाजाने नाही. तारण घ्यायचे नाही. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड नाही. दर, शुल्क आणि विमा सगळे मिळून वर्षाला किती टक्के पडते ते एका पानावर, बाईला कळेल अशा भाषेत लिहून द्यायचे. वसुली दोघांनी ठरवलेल्या ठिकाणी. त्या ठिकाणी बाई लागोपाठ दोनदा किंवा अधिक वेळा आली नाही तरच घरी जायचे. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन नाही. नातेवाइकांना, मित्रमैत्रिणींना, बरोबर काम करणाऱ्यांना त्रास देणे हीसुद्धा जबरदस्तीची वसुली मानली आहे. त्या पावसाळी रात्री साडेआठ वाजता उंबऱ्यावर चार बायांना बसवणे कशात मोडते, हे त्या मुलाला, त्याच्या साहेबाला आणि आपल्या कार्यकर्तीलाही ठाऊक नव्हते. आम्हालाही, खरे सांगायचे तर, नियम काढून वाचेपर्यंत ठाऊक नव्हते.

तक्रार आम्ही केली आहे. त्या बाईचा मुलगा बरा झाला. चुकलेले दोन हप्ते तिने कानातले गहाण ठेवून भरले. आपली कार्यकर्ती आणि ती एका नळावर पाणी भरतात, अजून एकमेकींशी बोलत नाहीत.

पुढच्या अंकासाठी आम्हाला एक काम करायचे आहे आणि ते एकटीदुकटीने होण्यासारखे नाही. आपापल्या गटातल्या, वस्तीतल्या बायांची कर्जाची कार्डे पाहा. किती रुपयांचे कर्ज, हातात किती आले, हप्ता किती, किती हप्ते. ते माहितीचे एक पान मिळाले का, मराठीत आहे का, त्यावर वर्षाचा दर लिहिला आहे का. विम्याचे पैसे कापले असतील तर विमा कोणाचा, बाईचा की नवऱ्याचा, आणि कागद तिच्याकडे आहे का. एका बाईकडे किती कार्डे आहेत हे तिला एकटीला गाठून विचारा, गटासमोर नको. ज्यांना घटत्या शिलकीचा हिशेब जमत नाही त्यांनी नुसते आकडे पाठवावेत, हिशेब आम्ही इथे मांडू आणि दर त्या गटाला लिहून कळवू. कार्डाची नक्कल पाठवताना बाईचे नाव झाकून पाठवा. कंपनीचे नाव मात्र झाकू नका.